जुनी चांदीची नाणी की चांदीची लगड : सात वर्षांच्या खरेदीनंतरचा अभिप्राय

गेली सात वर्षे मी थोडी थोडी चांदी विकत घेत आलो आहे आणि ती चार रूपांत घेतली आहे : चलनात फिरून झिजलेली जुनी किरकोळ नाणी, एकोणिसाव्या शतकातले मोठे चांदीचे डॉलर, सरकारी टांकसाळींनी गुंतवणुकीसाठीच पाडलेली आजची नवी नाणी, आणि खासगी शुद्धीकरण कारखान्यांच्या लहान लगडी. चारही प्रकारांत मी पैसे घातले आहेत, चारही प्रकारांतला थोडाथोडा माल विकूनही पाहिला आहे, आणि एका प्रकारात माझी फसवणूकही झाली आहे. त्यामुळे कोणता प्रकार कोणासाठी योग्य आहे आणि खोटा माल घरच्या घरी कसा ओळखावा, याविषयी जे हाताला लागले ते येथे सविस्तर लिहितो.

जुने नाणे आणि लगड यांची तुलना करायची तर दोन्हींतील शुद्ध चांदीचे वजन काढता यायला हवे. विक्रेता नाण्याचे एकूण वजन सांगतो, परंतु त्यात तांब्याचा भाग किती, हे आपल्यालाच वजा करावे लागते. चांदीचा जागतिक भाव ट्रॉय औंसात सांगितला जातो आणि हा औंस 31.1035 ग्रॅमचा असतो. वाणसामानाच्या पाकिटावरचा औंस 28.35 ग्रॅमचा असल्यामुळे या दोहोंची गल्लत झाली तर सुमारे नऊ टक्क्यांचा फरक पडतो. उदाहरणार्थ, अमेरिकेचा मॉर्गन डॉलर 26.73 ग्रॅमचा आणि 90 टक्के चांदीचा आहे, म्हणजे त्यात सुमारे 24.06 ग्रॅम, अर्थात 0.7734 ट्रॉय औंस शुद्ध चांदी असते. हा आकडा त्या दिवशीच्या भावाने गुणला की नाण्यातील धातूची किंमत मिळते, आणि विक्रेत्याने मागितलेल्या किमतीतून ती वजा केली की उरणारी रक्कम आपण धातूव्यतिरिक्त कशासाठी तरी देत आहोत, हे स्पष्ट होते. ती जादा रक्कम नव्या नाण्यात आणि लगडीत घडणावळीची व विक्रेत्याच्या नफ्याची असते. जुन्या नाण्यात ती दुर्मिळतेची असू शकते किंवा केवळ जुनेपणाच्या मोहाचीही. माझ्या मते खरेदीतील निम्म्याहून अधिक चुका ही वजाबाकी न केल्याने होतात.

प्रथम झिजलेल्या किरकोळ नाण्यांविषयी, कारण या प्रकाराने मला सर्वाधिक समाधान दिले आहे. अमेरिकेतील 1964 पर्यंतची दहा, पंचवीस आणि पन्नास सेंटांची नाणी 90 टक्के चांदीची आहेत. त्यांचा एक डॉलर दर्शनी मूल्याचा गट, म्हणजे दहा सेंटांची दहा किंवा पंचवीस सेंटांची चार नाणी, मूळ स्थितीत 0.7234 ट्रॉय औंस चांदी धरतो, आणि झीज लक्षात घेऊन व्यापारी तो 0.715 औंस मोजतात. त्यामुळे नाणी मोजली की चांदीही मोजली जाते. ब्रिटनची नाणी 1919 पर्यंत 92.5 टक्के चांदीची होती, 1920 ते 1946 या काळात ती 50 टक्क्यांवर आली आणि 1947 पासून चलनी नाण्यांतून चांदी पूर्णपणे गेली. कॅनडाने 1919 पर्यंत 92.5 टक्के आणि 1920 पासून 80 टक्के प्रमाण ठेवले, ते 1967 मध्ये आणखी उतरले. ब्रिटिश राजवटीतील भारतीय रुपया एक तोळ्याचा, म्हणजे 11.66 ग्रॅमचा आणि सुमारे 91.7 टक्के चांदीचा होता. 1940 पासून त्यातही चांदी निम्मी झाली आणि उरलेल्या निम्म्यात तांबे, निकेल व जस्त आले.

या सनावळीकडे दुर्लक्ष केले की फसवणूक न होताही नुकसान होते. ब्रिटनचे 1919 चे आणि 1920 चे शिलिंग शेजारी ठेवले तर तोच राजा, तोच आकार आणि जवळजवळ तेच वजन दिसते, परंतु चांदी मात्र जवळपास निम्मी असते. हे नाणे खोटे नसते; ते पूर्ण अस्सल, सरकारी आणि तरीही आपल्या अपेक्षेच्या अर्ध्या किमतीचे असते. माझ्या सुरुवातीच्या एका खरेदीत 1919 पर्यंतची म्हणून घेतलेल्या नाण्यांत तीन नाणी नंतरच्या सनांची निघाली. ती मिसळण्यात विक्रेत्याचा हेतू वाईट होता असे मी म्हणणार नाही, कारण झिजलेल्या नाण्यावरचा सन भिंगाशिवाय वाचता येत नव्हता. तेव्हापासून प्रत्येक नाण्याचा सन स्वतः वाचल्याशिवाय मी हिशेब पूर्ण धरत नाही. निम्म्या चांदीची नाणी झिजल्यावर उंच भागांवर पिवळसर दिसू लागतात, हीदेखील एक उपयोगी खूण आहे.

झिजलेल्या सामान्य नाण्यांवर माझा विश्वास बसण्याचे कारण साधे आहे. खोटे नाणे पाडणाऱ्याला साचा, यंत्र, धातू आणि विक्री या सर्वांचा खर्च असतो, आणि तो भरून काढण्यासाठी खोट्या मालाच्या खर्चात आणि खऱ्या मालाच्या किमतीत मोठे अंतर लागते. अडीच ग्रॅमच्या झिजलेल्या नाण्यात ते अंतर फारच कमी असते. शिवाय शंभर नाण्यांच्या गटात प्रत्येक नाण्याचा सन वेगळा, झीज वेगळी, ओरखडे वेगळे असतात, आणि एवढी विविधता साच्यातून निर्माण करणे परवडत नाही. या प्रकारात खोटी नाणी अजिबात नसतात असे नव्हे; परंतु तेथे बनावट करणाऱ्याचे श्रम सर्वांत महाग पडतात आणि म्हणून धोका सर्वांत कमी राहतो. उलट मोठा डॉलर, प्रसिद्ध चेहरा आणि दुर्मिळ सन एकत्र आले की हीच गणिते बनावट करणाऱ्याच्या बाजूने झुकतात.

माझी फसवणूक झाली ती याच दुसऱ्या प्रकारात. अमेरिकेने 1873 पासून आशियाशी व्यापार करण्यासाठी ट्रेड डॉलर नावाचे 27.22 ग्रॅमचे, 90 टक्के चांदीचे नाणे पाडले होते. ही नाणी चीनमध्ये पोहोचल्यावर तेथील व्यापारी आणि सराफ ती पारखून त्यांवर आपली छोटी मोहर ठोकत, आणि अशा मोहरांचे नाणे हातात घेतल्यावर एखाद्या अनोळखी माणसाने दीडशे वर्षांपूर्वी आपल्यासाठी परीक्षा करून ठेवली आहे, असे मला मनापासून वाटे. त्या भावनेपोटीच मी एका विक्रेत्याकडून दोन मोहरांचा ट्रेड डॉलर घेतला आणि वजन न करताच तो डबीत ठेवला. आठ महिन्यांनी नवा काटा आणला तेव्हा ते नाणे 23.5 ग्रॅम भरले. चलनात फिरून नाणे झिजते हे खरे, पण पावणेचार ग्रॅम चांदी झिजल्यावर त्या नाण्यावरची अक्षरे टिकणे अशक्य होते आणि माझ्या नाण्यावर तर गरुडाची पिसेही मोजता येत होती. पाण्यात धरून घनता काढली तेव्हा ती 8.9 आली, म्हणजे तांबे किंवा तांबे-निकेलच्या मिश्रधातूवर चांदीचा मुलामा दिलेला होता. त्यावरच्या मोहराही अर्थातच खोट्या होत्या. आठ महिने उलटून गेल्यामुळे माल परत करण्याची मुदत संपली होती आणि विक्रेत्याने पैसे परत देण्यास नकार दिला. मला याचा आजही खेद वाटतो, पण चूक कोठे झाली हेही स्पष्ट आहे : परीक्षा खरेदीच्या दिवशीच करायला हवी होती.

नंतर त्याच नाण्याकडे पुन्हा पाहिले तेव्हा काट्याशिवायही दिसू शकली असती अशी एक खूण सापडली. अमेरिकेच्या जुन्या नाण्यांत दोन बाजू एकमेकींच्या तुलनेत उलट्या असतात, म्हणजे नाणे वरून खाली उलटवले तर दुसरी बाजू सरळ दिसते. माझे नाणे पदकाप्रमाणे पुस्तकाचे पान उलटावे तसे फिरवल्यावर सरळ दिसत होते. बनावट नाण्यांत ही चूक वारंवार आढळते. ट्रेड डॉलरच्या बाबतीत तर 1873 पूर्वीच्या सनांची, म्हणजे जी कधी अस्तित्वातच नव्हती अशीही नाणी विक्रीला येतात. ज्या नाण्यासाठी आपण पैसे मोजणार आहोत ते कोणत्या वर्षी, कोणत्या टांकसाळीत पाडले गेले, एवढे तरी खरेदीपूर्वी वाचून ठेवावे.

आता परीक्षेच्या साधनांविषयी. मी वापरतो ती साधने चार आहेत : शतांश ग्रॅम दाखवणारा छोटा वजनकाटा, व्हर्निअर कॅलिपर, दहापट मोठे दाखवणारे भिंग आणि एक शक्तिशाली निओडिमियम चुंबक. यांपैकी काट्याचा उपयोग केवळ वजनापुरता नाही, तर त्याच्याच साह्याने घनता काढता येते आणि घनता ही चांदीची सर्वांत बोलकी ओळख आहे. शुद्ध चांदीची घनता घन सेंटिमीटरला 10.49 ग्रॅम असते, 90 टक्के चांदी व 10 टक्के तांबे यांची सुमारे 10.3, तांब्याची 8.96, शिशाची 11.34, जस्ताची 7.14 आणि कथिलाची 7.3. बनावटीसाठी स्वस्तात मिळणारे बहुतेक धातू चांदीहून हलके आहेत. त्यामुळे खोटे नाणे आकाराने बरोबर केले तर वजनाला कमी भरते, आणि वजनाला बरोबर केले तर जाडीला किंवा व्यासाला जास्त होते. 31.1 ग्रॅमचे नाणे तांब्याचे करायचे झाले तर त्याचे आकारमान शुद्ध चांदीच्या नाण्यापेक्षा सुमारे 17 टक्क्यांनी वाढते, आणि एवढी वाढ कॅलिपरच्या नजरेतून सुटत नाही.

घनता काढण्याची रीत अवघड नाही, पण ती निगुतीने करावी लागते. नाण्याचे कोरडे वजन आधी लिहून घ्यावे. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणावा आणि बारीक दोऱ्याला बांधलेले नाणे पाण्यात पूर्ण बुडेल, पण तळाला किंवा पेल्याच्या अंगाला टेकणार नाही, असे हाताने किंवा टेकूने लटकत धरावे. या वेळी काटा जो आकडा दाखवतो तो नाण्याने बाजूला सारलेल्या पाण्याचे वजन असतो, म्हणजेच नाण्याचे घन सेंटिमीटरमधील आकारमान असते. कोरड्या वजनाला या आकड्याने भागले की घनता मिळते. माझा खोटा ट्रेड डॉलर 23.5 ग्रॅमचा होता आणि पाण्यात काट्याने 2.64 दाखवले, भागाकार 8.9. त्याच दिवशी तपासलेली 100 ग्रॅमची लगड पाण्यात 9.54 दाखवत होती, म्हणजे तिची घनता 10.48 आली आणि माझा जीव भांड्यात पडला. नाण्याला चिकटलेले हवेचे बुडबुडे मऊ ब्रशने काढावेत, नाहीतर घनता खोटीच कमी दिसते. पाण्यात साबणाचा एखादा थेंब घातला तर बुडबुडे कमी धरतात.

या रीतीची एक मर्यादा मला बऱ्याच उशिरा समजली. अडीच ग्रॅमच्या नाण्याचे आकारमान पाव घन सेंटिमीटरहूनही कमी असते, आणि अशा वेळी काट्याची एका शतांशाची चूकही घनतेत सुमारे चार टक्क्यांचा फरक पाडते. म्हणून लहान नाणी एकेकटी न तपासता एकाच सनावळीची दहा नाणी पातळ जाळीत एकत्र बुडवावीत आणि रिकाम्या जाळीचा आकडा आधी वजा करावा. दहा नाण्यांची सरासरी 10.3 च्या आसपास आली तर त्यांत एखादेच खोटे असण्याची शंका उरते, आणि ते एक वजनात व आवाजात वेगळे पडते.

तरीही केवळ घनतेवर विसंबू नये. शिसे चांदीहून जड असल्यामुळे शिसे आणि एखादा हलका धातू योग्य प्रमाणात मिसळून 10.4 च्या जवळची घनता साधता येते. येथे चुंबकाची मदत होते, पण ती लोकांना वाटते तशी नव्हे. चांदी चुंबकाला चिकटत नाही, एवढ्यावर समाधान मानणे धोक्याचे आहे, कारण तांबे, पितळ, शिसे आणि जस्तही चिकटत नाहीत; चिकटण्याने फक्त लोखंडी गाभा पकडला जातो. खरी परीक्षा घसरण्याची आहे. चांदी सर्व धातूंत विजेची सर्वोत्तम वाहक असल्याने तिच्यावरून चुंबक सरकताना धातूत भोवऱ्यासारखे विद्युतप्रवाह निर्माण होतात आणि ते चुंबकाला मागे खेचतात. लगड किंवा मोठे नाणे तिरके धरून वरून चुंबक सोडला तर तो धपकन न घसरता कोणी धरून ठेवल्यासारखा सावकाश उतरतो. शिशाच्या मिश्रणावरून तो भर्रकन खाली येतो. तांबे मात्र जवळजवळ चांदीइतकेच वीजवाहक असल्यामुळे या परीक्षेत उत्तीर्ण होते, आणि म्हणूनच दोन्ही परीक्षा मिळून कराव्या लागतात : तांब्याला घनता पकडते, शिशाला चुंबक पकडतो. बर्फाचा तुकडा ठेवून तो किती लवकर वितळतो हे पाहण्याची जी परीक्षा लोकप्रिय आहे, ती मी सोडून दिली आहे; तांबे उष्णताही जवळपास तितकीच वाहून नेते आणि त्यामुळे त्या परीक्षेतून नवे काहीच कळत नाही.

आवाजाची परीक्षा आपल्या भाषेत इतकी मुरलेली आहे की खरे ते खणखणीत आणि घ्यायचे ते वाजवून, असे आपण नाण्यांशी संबंध नसतानाही म्हणतो. नाणे बोटाच्या टोकावर तोलून दुसऱ्या नाण्याने त्याच्या कडेवर हलकेच टिचकी मारली तर चांदीचे नाणे उंच स्वरात दीर्घकाळ नाद देते आणि शिशाचे नाणे बद्द वाजते. हा नाद कानात बसण्यासाठी खात्रीच्या दोन-तीन नाण्यांचा सराव पुरतो. मात्र अस्सल नाणेही कधी बद्द वाजते. दागिन्यात वापरण्यासाठी कडी जोडून नंतर ती काढलेली असेल, किंवा नाण्याला सूक्ष्म भेग गेलेली असेल, तर नाद मरतो. अशी नाणी खरी असली तरी संग्राहक ती कमी किमतीत घेतात, म्हणून आवाज बिघडलेल्या नाण्याची कड भिंगाखाली पाहून डाख दिल्याच्या खुणा शोधाव्यात.

कडेकडे एकूणच पुरेसे लक्ष दिले जात नाही. ओतून तयार केलेल्या खोट्या नाण्यात दोन साच्यांचा सांधा कडेवर येतो आणि तो कानशीने घासून लपवलेला असतो. त्यामुळे दाते कोठे उथळ, कोठे खोल दिसतात. पृष्ठभागावर हवेच्या बुडबुड्यांचे सूक्ष्म खड्डे राहतात आणि अक्षरांच्या कडा साबणाच्या वडीवरील अक्षरांसारख्या गोलसर होतात. छाप मारून पाडलेली बनावट नाणी ओळखणे याहून कठीण आहे, कारण त्यांचा ठसा बहुधा एखाद्या अस्सल नाण्यावरूनच उतरवलेला असतो. परंतु त्या मूळ नाण्यावर जो ओरखडा किंवा खड्डा होता तोही ठशात उतरतो, आणि मग एकाच विक्रेत्याकडील पाच नाण्यांवर गालाच्या त्याच जागी तीच जखम दिसते. म्हणून एकाच सनाची दोन नाणी घेताना ती शेजारी ठेवून पाहावीत. तिसरा प्रकार अस्सल नाण्यातच फेरफार करण्याचा आहे. 1893 साली सॅन फ्रान्सिस्कोच्या टांकसाळीत मॉर्गन डॉलर फक्त एक लाख पाडले गेले आणि चलनासाठी पाडलेल्या नाण्यांत ते या मालिकेतील सर्वांत दुर्मिळ समजले जातात. त्यामुळे साध्या 1893 च्या नाण्यावर टांकसाळीचे एस हे अक्षर चिकटवण्याचे प्रकार झाले आहेत. येथे वजन, घनता, नाद आणि चुंबक सर्व बरोबर येतात आणि फक्त भिंग त्या अक्षराभोवतीची रेघ दाखवते. एवढ्या किमतीचे नाणे घ्यायचेच असेल तर घरच्या परीक्षेवर मी भरवसा ठेवणार नाही.

अशा नाण्यांसाठी तज्ज्ञांकडून तपासून, श्रेणी देऊन प्लास्टिकच्या डबीत बंद केलेली नाणी मिळतात. पीसीजीएस आणि एनजीसी या अमेरिकेतील दोन संस्था या कामासाठी सर्वाधिक ओळखल्या जातात आणि त्या 1 ते 70 या श्रेणीपट्टीवर नाण्याची स्थिती ठरवतात. त्यांच्या डब्यांचीही नक्कल होते, म्हणून डबीवरील क्रमांक संस्थेच्या नोंदीत शोधून तेथे छायाचित्र असल्यास ते नाण्याशी ताडून पाहावे. क्रमांक खरा असला तरी तो दुसऱ्याच नाण्याचा असू शकतो. ओरखडे आणि डाग जुळले तरच ती डबी खरी मानावी.

मारिया थेरेसा थेलरविषयी थोडे वेगळे सांगायला हवे. ऑस्ट्रियाच्या या सम्राज्ञीचे 1780 मध्ये निधन झाले आणि त्यानंतर व्यापारातील मागणीमुळे त्याच सनाचे नाणे व्हिएन्नासह लंडन, पॅरिस, रोम आणि मुंबईसारख्या ठिकाणीही पाडले गेले. त्यामुळे नाण्यावर 1780 लिहिलेले असले तरी ते विसाव्या शतकातले असण्याचीच शक्यता अधिक आहे. ते 28.07 ग्रॅमचे, 83.3 टक्के चांदीचे आणि दिसायला अतिशय देखणे आहे, मलाही ते फार आवडते. पण ते अडीचशे वर्षांपूर्वीचे म्हणून जादा पैसे मागितले जात असतील तर ते देऊ नयेत. 23.39 ग्रॅम शुद्ध चांदीची किंमत आणि थोडी वर रक्कम, एवढेच त्याचे योग्य मोल आहे.

आता नव्या सरकारी नाण्यांकडे वळतो. अमेरिकेचे सिल्व्हर ईगल 1986 पासून, कॅनडाचे मेपल लीफ 1988 पासून, ब्रिटनचे ब्रिटानिया 1997 पासून आणि व्हिएन्नाचे फिलहार्मोनिक 2008 पासून चांदीत निघते. प्रत्येकात एक ट्रॉय औंस चांदी असते आणि आज या सर्वांची शुद्धता किमान 99.9 टक्के आहे, कॅनडाची तर 99.99 टक्के. जुनी ब्रिटानिया मात्र 2012 पर्यंत 95.8 टक्क्यांची होती. तिच्यातही चांदी पूर्ण औंसभरच होती, पण एकूण वजन थोडे जास्त असल्याने ती काट्यावर वेगळी भरते आणि अनुभव नसलेला माणूस तिला उगाच खोटी ठरवतो. या नाण्यांचा मोठा गुण असा की त्यांत हिशेब करावा लागत नाही आणि विकताना टंच कोणी विचारत नाही. खोट्या मालाविरुद्ध टांकसाळींनी केलेली तजवीजही उत्तम आहे. मेपल लीफच्या नव्या नाण्यांवर केंद्रातून किरणांसारख्या बारीक रेषा असतात आणि सनाचे अंक धारण करणारे सूक्ष्म पान असते. 2021 पासूनच्या ब्रिटानियावर नाणे तिरके केले की कुलुपाचे त्रिशूळात रूपांतर होते आणि मागच्या लाटा हलल्यासारख्या दिसतात. सिल्व्हर ईगलच्या कडेवर 2021 च्या नव्या नक्षीपासून एका जागी दाते मुद्दाम तोडलेले आहेत. माझ्याकडे या तीनही प्रकारांची नाणी आहेत आणि खात्री पटवण्याच्या दृष्टीने 2021 नंतरची ब्रिटानिया मला सर्वांत सोपी वाटली, कारण ती भिंगाशिवाय, नुसती हातात फिरवून पारखता येते.

दोषही सांगायला हवेत. या नाण्यांवर धातूच्या किमतीपेक्षा बरीच अधिक रक्कम मोजावी लागते आणि विकताना ती सर्व परत मिळत नाही. शिवाय शुद्ध चांदी मऊ असल्याने हाताळणीचे ओरखडे लगेच उमटतात. मेपल लीफच्या माझ्या जुन्या नाण्यांवर दुधाच्या शिंतोड्यांसारखे पांढरे डाग आले. कॅनडाच्या टांकसाळीने 2018 पासून त्यांविरुद्ध विशेष प्रक्रिया सुरू केली आणि त्यानंतरची माझी नाणी स्वच्छ राहिली आहेत. डागांमुळे चांदीचे मोल कमी होत नाही, परंतु नवे म्हणून घेतलेले नाणे तीन वर्षांत डागाळलेले पाहून वाईट वाटते, हे खरे.

लगडीविषयी लिहिण्यासारखे कमी आहे, आणि तेच तिचे बलस्थान आहे. घडणावळ सर्वांत कमी, हिशेब सर्वांत सोपा आणि रचून ठेवायला सर्वांत सोयीची अशी ही चांदी आहे. जागतिक बाजारातील मूळ लगडी सुमारे 1000 ट्रॉय औंसांच्या असतात, त्यामुळे लहान खरेदीदाराला थोडी जादा रक्कम द्यावीच लागते. पण वजन वाढत गेले की ती प्रमाणाने घटते. धोका जाडीत आहे. पातळ नाण्यात गाभा लपवायला जागा नसते, तर किलोच्या लगडीत भरपूर असते. क्ष-किरणांनी धातूचे प्रमाण सांगणारे यंत्र विक्रेत्याने समोर चालवून दाखवले तरी ते पृष्ठभागालगतच्या अतिशय पातळ थराचेच विश्लेषण करते, म्हणून जाड मुलामा दिलेली लगडही त्याला शुद्ध वाटू शकते. विद्युतवाहकता मोजणारे किंवा ध्वनिलहरींनी आतील गाभा तपासणारे यंत्र असेल तर गोष्ट निराळी. ही साधने प्रत्येकाकडे नसतात, त्यामुळे मी 100 ग्रॅमच्या वर गेलो नाही. मोहरबंद प्लास्टिकच्या पाकिटावरही मी विसंबत नाही, कारण पाकिटाची नक्कल लगडीच्या नकलेपेक्षा सोपी आहे; आणि पाकीट न फोडता घनता काढता येत नसल्याने ते परीक्षेच्या आड येते. मी लगडी सुट्या घेतो आणि त्याच दिवशी पाण्यात धरतो.

विक्रेता निवडताना माझे दोन आग्रह झाले आहेत. माल खोटा निघाल्यास तो परत घेण्याची लेखी हमी असावी आणि तिची मुदत मला परीक्षेला पुरेल एवढी तरी असावी. दुसरे म्हणजे तोच विक्रेता चांदी परत विकत घेतो का आणि कोणत्या भावाने, हे खरेदीआधीच विचारावे; जो विकतो पण घेत नाही, त्याला आपल्या मालाविषयी किती खात्री आहे याचा विचार करावा. धातूच्या किमतीहूनही कमी दरात दिलेली चांदी मी आता पाहतही नाही, कारण ज्याच्याकडे खरी चांदी आहे त्याला ती वितळवणाऱ्याकडे नेऊनही अधिक पैसे मिळतात. छायाचित्रात कड न दाखवणाऱ्या, वजन विचारल्यावर प्रमाण वजन सांगणाऱ्या आणि प्रत्यक्ष काट्यावरचा आकडा टाळणाऱ्या विक्रेत्यांपासूनही मी दूर राहतो.

आणि जुनी नाणी कृपया घासू नयेत. काळसर थर हा चांदीचा गंधकाशी झालेला संयोग असतो, तो नाण्याचे नुकसान करत नाही, उलट त्याच्या अस्पर्शित असण्याची साक्ष देतो. चकाकी आणण्याच्या नादात संग्राहकाच्या दृष्टीने असलेले मोल एका दुपारीत नाहीसे होते आणि ते पुन्हा कधीही आणता येत नाही. मऊ पीव्हीसीच्या पाकिटांत नाणी ठेवू नयेत, त्यांतून हिरवट चिकट थर धरतो. आम्लाचा थेंब टाकून करायची परीक्षाही जुन्या नाण्यावर करू नये, कारण ती डाग ठेवून जाते.

विक्रीच्या वेळी अनुभव असा आला. नव्या सरकारी नाण्यांना काही मिनिटांत ग्राहक मिळाला. लगडी घेणाऱ्याने त्या पूर्ण तपासल्या, एकीला तर यंत्रावर दोनदा ठेवले, आणि भाव धातूच्या किमतीहून किंचित कमी दिला. झिजलेली नाणी घेणाऱ्याने सन चाळले, एकूण वजन केले आणि मी जेवढी जादा रक्कम देऊन ती घेतली होती तीतील बहुतेक सर्व मला परत मिळाली. मोठ्या डॉलरांना मात्र तीन ठिकाणी तीन वेगळे भाव सांगितले गेले, कारण प्रत्येकाचे स्थितीविषयीचे मत वेगळे होते, आणि माझ्यापाशी त्यांचे मत खोडून काढण्याइतके ज्ञान नव्हते.

ज्याला फक्त धातू साठवायचा आहे आणि घनता काढण्याचे श्रम घ्यायची तयारी आहे, त्याला मी 100 ग्रॅमच्या लगडी आणि त्यांच्या जोडीला एकाच सनावळीची झिजलेली सामान्य नाणी सुचवीन. ज्याला परीक्षेत पडायचेच नाही, त्याने जादा रक्कम मोजून 2021 नंतरची ब्रिटानिया किंवा नवे मेपल लीफ घ्यावे. मोठे डॉलर केवळ त्यांच्यासाठी आहेत ज्यांना त्या नाण्याचा इतिहास मनापासून हवा आहे आणि त्यासाठी वेगळे पैसे काढून ठेवता येतात. माझ्या पुढच्या खरेदीच्या यादीत एक अस्सल ट्रेड डॉलर आहे, डबीत बंद केलेला आणि नोंदीतील छायाचित्राशी ताडून पाहिलेला. खोटा मी टाकून दिलेला नाही. कोणी चांदी घेण्याविषयी विचारायला आला की तो आणि एक खरा मॉर्गन डॉलर त्याच्या हातात देतो आणि काटा पुढे सरकवतो.